तपासले, ठीक

“कुठे जायचं ते आत्ताच ठरवून ठेवा,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. “वेळ आली की विचार करायला सवड मिळत नाही.”

मुलगी सोनोग्राफीच्या टेबलावर अजून आडवीच होती. तिची आई तिच्या पोटावरचा जेल कागदाने पुसत होती, जावई दाराशी उभा होता आणि मी मशीनच्या मागे वाकून प्लग बघत होतो. तीस वर्षं या हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करतोय. समोरचा कितीही गंभीर बोलत असला तरी माझे डोळे आधी वायरीकडे जातात. बायको म्हणते, हा रोग आहे. असेल.

“काका, जरा इकडे लक्ष द्या. तेविसावा आठवडा चालू आहे. गर्भपिशवीचं तोंड परत आखूड व्हायला लागलंय. टाका घातलाय, पण किती दिवस धरेल सांगता येत नाही. महिनाभर धरेल, नाहीतर आठवडाभर. एवढ्या लवकर आलेलं बाळ सहाशे-सातशे ग्रॅमचं असतं. अशी बाळं प्रत्येक हॉस्पिटलला जमत नाहीत. आणि जन्मल्यावर गाडीत घालून हलवणं फार वाईट. हलवायचंच तर पोटात असताना, आईसकट.”

मागच्या वर्षी मुलीचं एक बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं. त्यामुळे खोलीत कोणी उगाच धीराचं बोललं नाही.

“इथे नाही का होणार?” बायकोने विचारलं. “इथे सगळी आपली माणसं आहेत.”

मॅडम म्हणाल्या, “इथे आपण तिसाव्या आठवड्यानंतर आलेली बघितलीत. त्याच्या आधीची नाही. पण बाळांचा व्हेंटिलेटर आहे आपल्याकडे, आणि तो काकांनी स्वतः तपासलेला असतो. अगदी अडलंच तर इथे करू.”

मी परत प्लगवर वाकलो.

हॉस्पिटलात मला नावाने कोणी हाक मारत नाही. मी ठीककाका. दर महिन्याला प्रत्येक मशीन तपासायचं, त्यावर पिवळा स्टिकर लावायचा, तारीख, सही आणि ‘तपासले, ठीक’. मुलगी लहान असताना उरलेले स्टिकर घरी न्यायची आणि बाहुल्यांना, दप्तराला, आईच्या पाठीला चिकटवायची. आमच्या फ्रिजच्या दारावर एक अजून आहे. फ्रिज दोनदा बिघडला, पण स्टिकर कोणी काढला नाही.

आता जे सांगायला लाज वाटते ते सांगतो. व्हेंटिलेटर तपासताना बाळाच्या फुफ्फुसाच्या जागी रबरी फुगा लावतात. मोठ्या माणसाचा मोठा, आणि अशा चिमण्या बाळांचा जेमतेम लिंबाएवढा. तो लहान फुगा सात महिन्यांपूर्वी फाटला. मी नवा मागितला, लेखी मागितला, दोनदा. आला नाही. मग मी मोठाच फुगा लावून मशीन चालवून बघायला लागलो. मशीन चालत होतं. मी स्टिकर लावत होतो. सात महिन्यांत त्या मशीनवर एकच बाळ आलं, चांगलं अडीच किलोचं, आणि तिसऱ्या दिवशी ठणठणीत होऊन गेलं. मी स्वतःची समजूत घातली की काही बिघडत नाही. कोणाला कळलंही नव्हतं, आणि मी तोंडाला कुलूप लावून बसलो होतो.

त्या दिवशीही लावूनच बसलो. मॅडमना म्हणालो, “बघतो दुसरीकडे कुठे बरं आहे ते.”

घरी जेवणाच्या टेबलावर जावयाने वही उघडली. तो बस डेपोत गाड्यांचं वेळापत्रक लावतो. त्याला कुठलीही काळजी मिनिटांत मांडल्याशिवाय धीर धरवत नाही. आमच्या आवाक्यात तीन ठिकाणं होती. आमचं हॉस्पिटल, गाडीने आठ मिनिटं. नवं काचेचं हॉस्पिटल, पंचवीस मिनिटं. आणि शहराच्या दुसऱ्या टोकाचं जुनं मोठं हॉस्पिटल.

“तिथे मी तीनदा जाऊन आलो,” तो म्हणाला. “सकाळी आठला छप्पन्न मिनिटं. दुपारी एकाहत्तर. संध्याकाळी विचारू नका. मध्ये रेल्वेचं फाटक आहे, ते लागलं की अजून नऊ.”

“तीनदा कधी गेलास?” मुलीने विचारलं.

“ड्यूटी संपल्यावर.”

तिने त्याच्याकडे बघितलं आणि ती हसली. त्या आठवड्यातलं तिचं ते पहिलं हसू होतं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते. हे दिसतंय का, आता हे दिसतंय का, असं दिवसभर विचारत असते. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “बाबा, तू जाऊन बघ. आम्हाला तिथे लोक गोड बोलून परत पाठवतील. तुला यंत्रं बघून कळतं. तू ठीक म्हणशील तिथे मी जाईन.”

“आणि मी म्हणते त्याचं काय?” बायको म्हणाली.

“आई, तू म्हणशील तिथे मी जेवीन.”

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि आधी काचेच्या हॉस्पिटलात गेलो. टाय लावलेला एक मुलगा आला, त्याने मला कॉफी दिली, गुळगुळीत कागदाचं पुस्तक दिलं आणि बाळांच्या विभागाच्या काचेपर्यंत नेलं. आत बारा नवीकोरी मशीन. खोटं कशाला बोलू, बघून जीव सुखावला. मग सवयीने स्टिकर बघितले. बारा मशीन, बारा स्टिकर, एकच तारीख, एकच पेन, आणि सातव्या स्टिकरनंतर सही हळूहळू आळसावत गेलेली. एकेक मशीन तपासत गेलं की स्टिकर असे दिसत नाहीत. मधे पेन बदलतं, बोटाला तेल लागतं, दोन मशीन दुसऱ्या दिवसावर जातात. हे टेबलावर बसून एका दमात सह्या करून आणलेले होते. मला ते काचेबाहेरून ओळखता आलं, कारण मीही गेले सात महिने तसलंच काहीतरी करत होतो.

“गेल्या वर्षी चोवीस आठवड्यांची किती बाळं आली?” मी विचारलं.

“सर, आमच्याकडे सगळी सोय आहे.”

“त्यातली घरी किती गेली?”

“सर, आमचे डॉक्टर फार अनुभवी आहेत.”

कॉफी चांगली होती. पुस्तक बाकावर ठेवून मी निघालो.

मोठ्या हॉस्पिटलात रंगाचे पोपडे निघालेले. लिफ्टला रांग, म्हणून चार जिने चढलो. बाळांच्या विभागाच्या दाराशी एक बुटक्या सिस्टर होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मी म्हणालो, मुलीला इथे आणावं लागेल बहुतेक, मी यंत्रांचा माणूस आहे, एकदा मशीन बघू द्याल का.

“बॅग बाहेर. घड्याळ काढा. अंगठी काढा. कोपरापर्यंत हात धुवा, दोन मिनिटं.”

मी धुतले आणि वळलो.

“एक मिनिट झालंय,” सिस्टर म्हणाल्या. “परत.”

तीस वर्षांत मला कोणी असं बोललं नव्हतं. राग नाकावर आला होता, पण परत धुतले. आत गेलो तर मशीन जुनी, एकाचं चाक तारेने बांधलेलं. पण स्टिकर वेगवेगळ्या तारखांचे, कडा बोटांनी काळ्या पडलेल्या. आणि कोपऱ्यात एका व्हेंटिलेटरवर लाल कार्ड दोऱ्याने बांधलेलं: ‘वापरू नये’. तारीख कालची.

“याला काय झालं?”

“हवेच्या दाबाचा काटा थोडा हलत होता.”

“थोडा हलला तर चालतं की. मोठ्या बाळाला लावता येईल.”

सिस्टरनी चष्मा डोळ्यावर चढवला आणि मला पहिल्यांदा नीट बघितलं. “काका, सातशे ग्रॅमच्या बाळाचं फुफ्फुस केवढं असतं माहीत आहे ना तुम्हाला? त्याला थोडं म्हणजे फार असतं. फुटतं ते.”

मला माहीत होतं. मग मी काचेच्या हॉस्पिटलात विचारलेलंच विचारलं. त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही.

“चोवीस-पंचवीस आठवड्यांची एकोणीस आली. दहा घरी गेली. नऊ नाही गेली. जी घरी गेली त्यातली तीन अजून डोळ्यांसाठी, कानांसाठी, पायांसाठी येतात. खोटं सांगून काय करू? आणि मुलीला आणायचं तर बाळ पोटात असताना आणा. बाहेर आल्यावर धावत येऊ नका.”

जिना उतरताना मला रडू येत होतं आणि हायसंही वाटत होतं. ज्या ठिकाणी थोडं बिघडलेलं मशीन बाजूला काढून ठेवतात, तिथे माझी मुलगी यायला हवी होती. घरी येऊन सांगितलं, मोठं हॉस्पिटल. जावयाने वहीत खूण केली. मॅडमनी फाईल तयार केली, तिथल्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं, आणि चोविसावा आठवडा भरल्यावर बाळाच्या फुफ्फुसासाठीची दोन इंजेक्शनं दिली. मी मनात म्हटलं, झालं. आता आपलं मशीन कोणी उघडणार नाही, फुगा आला की तपासू, कोणाला काही सांगायची गरज नाही.

त्यानंतर नऊ दिवसांनी, मंगळवारी सकाळी अकरा वाजता मी तळघरात सक्शनचा पंप उघडून बसलो होतो. वरून निरोप आला, तुमच्या मुलीला आणलंय.

हात न पुसताच वर पळालो. घरून निघताना बायको घाबरली आणि ओळखीच्या आठ मिनिटांच्या वाटेने आमच्याच हॉस्पिटलात घेऊन आली. तिला दोष देत नाही. मुलगी टेबलावर कुशीवर झोपली होती, ओठ दाताखाली. मॅडम हातमोजे काढत होत्या. आणि आमचे मोठे डॉक्टर, ज्यांचं हे हॉस्पिटल आहे, तेही येऊन उभे होते.

“सात-सात मिनिटांनी कळा आहेत,” मॅडम म्हणाल्या. “तोंड उघडायला लागलंय. टाका अजून धरून आहे, पण ताणलाय.”

“आत्ता या वेळेला एकाहत्तर मिनिटं,” जावई म्हणाला. “फाटक लागलं तर ऐंशी.”

मोठ्या डॉक्टरांनी मान हलवली. “ऐंशी मिनिटांत रस्त्यातच झालं तर बाळ हातात घेऊन काय करणार? इथे निदान छप्पर आहे, ऑक्सिजन आहे, बाळांचा व्हेंटिलेटर आहे. आणि तो गेल्याच आठवड्यात तपासलाय. काय ठीककाका?”

“अहो, इथेच राहू द्या तिला,” बायको म्हणाली. “मी पाया पडते तुमच्या, रस्त्यात नको.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मुलीने मान वळवली. तिच्या कपाळाला केस चिकटले होते.

“बाबा, तू सांग. मशीन ठीक आहे ना?”

हो म्हणणं फार सोपं होतं. हो म्हटलं असतं तर बायकोचा जीव भांड्यात पडला असता, मोठ्या डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली असती, आणि पुढे जे काय झालं असतं ते नशिबावर ढकलता आलं असतं. माझ्या हाताला पंपाचं काळं तेल होतं. मी ते शर्टाला पुसलं.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“लहान फुगा सात महिन्यांपासून फाटलाय. मी मोठ्या फुग्यावर बघून सही करतोय. एवढ्या लहान बाळाला ते मशीन किती हवा देईल, मला माहीत नाही. स्टिकर खोटे आहेत. सातही.”

मोठ्या डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. “तुम्ही काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय. तिला इथे ठेवू नका.”

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला कळ आली, तिने डोळे मिटले. कळ ओसरल्यावर उघडले तेव्हा ते माझ्याकडे नव्हते. आयुष्यात मला तेवढं कधी लागलं नाही.

मॅडमनी घड्याळ बघितलं. “कळा लांबवायचं औषध सुरू करते. टाका आहे तोवर वेळ आहे. गाडी काढा, मी सोबत जातेय.” मग मोठ्या डॉक्टरांना म्हणाल्या, “सर, बाकीचं नंतर.”

ॲम्ब्युलन्समध्ये मला पुढे बसवलं, ड्रायव्हरशेजारी. मागे मॅडम, जावई आणि मुलगी. बायको रिक्षाने येणार होती. मधली खिडकी उघडी होती. मॅडमचा आवाज येत होता, सात मिनिटं, साडेसात, आठ. जावई डेपोतल्या कुणाकुणाला फोन करून फाटकाचं विचारत होता. फाटक पडायच्या चार मिनिटं आधी आम्ही पलीकडे होतो. पुढच्या चौकात मॅडम म्हणाल्या, सहा. थोड्या वेळाने, पाच. मी देवाचं नाव घेतलं नाही. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा आवाज ऐकत बसलो, कारण तो मात्र मी खरंच तपासलेला होता. मुलगी सगळ्या वाटेत एकदाही माझ्याशी बोलली नाही. पाणी मागितलं ते नवऱ्याकडे.

अडुसष्ट मिनिटं लागली. दाराशी बुटक्या सिस्टर स्ट्रेचर घेऊन उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “पोटात आणलंत ना? झालं तुमचं काम. आता बाकावर बसा.”

दुपारी साडेचारला ऑपरेशन करून मुलगी झाली. सहाशे नव्वद ग्रॅम. रडणं आम्हाला ऐकू आलं नाही. जन्मल्याबरोबर नळी घातली, मशीनला लावलं आणि आमच्या समोरून झाकलेल्या पेटीतून नेलं. बायको पेटीमागून चार पावलं चालत गेली, मग भिंतीला टेकून उभी राहिली. मी तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. ती म्हणाली, “मी तिला कुठे घेऊन गेले होते हो.” मी म्हणालो, “माझ्या सहीवर विश्वास ठेवून घेऊन गेलीस.” ती माझ्यापासून बाजूला झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या हॉस्पिटलात गेलो. बाळांच्या व्हेंटिलेटरवरचे स्टिकर काढायला बसलो. महिन्याच्या महिन्याला आधीच्यावरच नवा लावलेला, म्हणून थर झाला होता. नखाने सुटेना, स्पिरिटचा बोळा घेऊन एकेक सोडवला. सात मोजून काढले. लाल कार्ड आमच्याकडे नव्हतंच, म्हणून फाईलच्या लाल पुठ्ठ्याचा तुकडा कापला, त्यावर ‘वापरू नये’ लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि दोऱ्याने बांधला. मग सगळं कागदावर लिहून मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं.

“फुग्याची मागणी कुठे अडकली ते मी बघतो,” ते म्हणाले. “पण तुम्हाला ठेवता येणार नाही. कळतंय ना?”

“कळतंय.”

“मुलगी कशी आहे?”

“बरी आहे.”

“आणि बाळ?”

“आज आहे.”

हत्यारांची बॅग हॉस्पिटलची होती, ती भांडारात जमा केली. पाना माझा होता, तो खिशात घातला.

चौथ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, आजोबांना पाच मिनिटं. घड्याळ काढलं, अंगठी काढली, कोपरापर्यंत हात धुतले. दोन मिनिटं पूर्ण, सिस्टर मोजत असोत की नसोत. पेटीजवळ गेलो आणि माझे डोळे आपसूक मशीनकडे वळले. काटा, नळी, जोड, स्टिकरची तारीख.

“काका,” सिस्टर हळूच म्हणाल्या, “काटा मी बघतेय. तुम्ही नात बघा.”

मी बघितली. टोपी डोळ्यांपर्यंत आलेली. कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा दिसत होत्या. छाती बोटभर, हलत होती. एक पाय दुसऱ्यावर टाकलेला, आडवं पडून वाचताना तिची आई टाकते अगदी तसा. हे कुठल्या मशीनने केलेलं नव्हतं. मी तिथे उभा राहून रडलो आणि सिस्टरनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, पाच मिनिटं झाली.

“पुढे कसं?” मी विचारलं.

“उद्या सकाळी विचारा.”

खाली वॉर्डात मुलगी पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिला टाके दुखत होते, अजून वर जाऊ दिलं नव्हतं. गेले चार दिवस मी डबा आणायचो, स्टुलावर बसायचो, आणि ती खिडकीकडे तोंड करून असायची. आजही मी स्टूल ओढलं.

“बघितलंस?” तिने खिडकीकडे बघतच विचारलं.

“बघितलं.”

“मशीन कसं आहे?”

“मशीन नाही बघितलं,” मी म्हणालो. “ती बघितली. तुझ्यासारखा पायावर पाय टाकून झोपलीय.”

तिने मान वळवली. नंबर काढताना समोरच्याचे डोळे निरखते, तशी ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मी खरं सांगतोय की नाही ते. मग तिने पांघरुणाखाली पाय हळूच एका बाजूला घेतले आणि पलंगाच्या कडेला माझ्यापुरती जागा केली.